टाळूवरचं तेल

१

जॅरम सोरेन्सनला ज्याने मारलं त्याने हात राखून मारलं नव्हतं. मायक्रोफोनच्या स्टँडचं बिडाचं जड बूड डाव्या कानशिलावर इतक्या वेळा आदळलं होतं की तिथे कानशील असं काही उरलंच नव्हतं. ओठ फाटले होते, म्हणजे आधी गुद्दे बसले होते. दोन्ही हातांची हाडं मोडली होती. बिचाऱ्याने तोंडापुढे हात धरून पाहिले असणार. रक्त खुर्चीवर होतं, गालिच्यावर होतं आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या फोमवरही होतं.

मार्वा ओल्डरॉइड दारातच थबकली. सेज क्रीकमध्ये ती एकटीच डिटेक्टिव्ह. युटाच्या डोंगरातल्या या गावात चोरी म्हणजे सायकलची आणि भांडण म्हणजे कुंपणाचं, एवढ्यावरच तिची नोकरी सरत आली होती. जॅरमला तिने लहानपणी चर्चच्या रविवारच्या वर्गात शिकवलं होतं. तिला सणकून राग आला.

बाहेर जिन्याच्या पायरीवर त्याची बायको मेरिली बसली होती. प्रेत पहिल्यांदा तिनेच पाहिलं होतं.

"सोमवार होता, मार्वा," ती म्हणाली. "सोमवारची संध्याकाळ तो कधी चुकवायचा नाही. चर्च सोडलं, पण चर्चने घरच्यांसाठी राखून ठेवलेली ही मुलांबरोबरची संध्याकाळ नाही सोडली. प्रार्थना मी म्हणायचे, खेळ तो घ्यायचा. आज पॉपकॉर्न गार झालं तरी आला नाही, म्हणून बघायला आले."

"मुलं कुठेत?"

"बहिणीकडे. अगं, कोणी केलं हे?"

कोणी केलं हे विचारायला गावात नावं कमी नव्हती, तीच तर पंचाईत होती. बंद पडलेल्या कापडाच्या दुकानावरची ही खोली म्हणजे 'मागचं बाक' या कार्यक्रमाचा स्टुडिओ. जॅरम आणि त्याचा जिवलग मित्र रस्टिन हॅच, दोघेही एकेकाळचे कट्टर मॉर्मन, या गावातल्या बहुतेकांच्याच ख्रिस्ती पंथाचे. दोघांनी राजीनाम्याची पत्रं पाठवून चर्चमधून नावं काढून घेतली होती, आणि दर आठवड्याला कॅमेऱ्यापुढे बसून ते चर्चचा जुना इतिहास उकरायचे. सोडून गेलेली माणसं त्यांच्याकडे येऊन रडायची, दोघं त्यांना हसवायचे. लाखभर लोक बघायचे. गावात मात्र अर्ध्या लोकांनी त्यांच्याकडे बघणं सोडलं होतं.

"मार्वा, जरा इकडे ये," आतून डॉक्टरने हाक मारली. "हे तुला कळेल. मला कळत नाहीये."

डॉक्टर कॅलिफोर्नियाचा होता, चर्चमधला नव्हता. त्याने टॉर्च प्रेताच्या टाळूवर धरला. सगळं डोकं रक्ताने माखलेलं, पण टाळूवरचं रक्त बाहीने पुसावं तसं पुसलं होतं. केस बोटांनी दोन बाजूंना सारले होते, आणि मधल्या कातडीवर काहीतरी चमकत होतं.

मार्वाने वाकून वास घेतला. ऑलिव्हचं तेल. आजारी माणसाच्या टाळूवर थेंबभर पवित्र तेल लावायचं, दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे, त्याचं पूर्ण नाव घेऊन आशीर्वाद द्यायचा. तिच्या बापाने तिला असा आशीर्वाद दिला होता, नवऱ्याने दिला होता. चर्चमधल्या प्रत्येक सज्ञान पुरुषाला हा अधिकार मिळतो आणि ते कसं करायचं हे तो आयुष्यभर विसरत नाही.

म्हणजे कोणीतरी आधी जॅरमची कवटी फोडली होती, आणि मग तो जगावा म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवून देवाची करुणा भाकली होती.

२

तेलाची गोष्ट गुप्त राहावी असं मार्वाच्या मनात फार होतं. पण मेरिलीच्या बहिणीने ती आपल्या जावेला सांगितली, आणि जावेने फोनवरून जगाला. मंगळवारी दुपारपर्यंत रस्टिन हॅच कॅमेऱ्यापुढे बसला होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, नाकावर पट्टी, उजवा हात प्लॅस्टरमध्ये.

"खिशात पवित्र तेल घेऊन कोण फिरतं?" तो विचारत होता. "मी? तुम्ही? आपण तर सोडून आलो! सोमवारी संध्याकाळी आमच्या दारात कोणाचा ट्रक उभा होता, विचारा की गावाला. बिशप थेन जेप्सनचा! माझ्या भावासारख्या मित्राला जनावरासारखं मारलं आणि वर डोक्याला तेल लावून गेले."

खाली लोकांच्या प्रतिक्रिया धबाधबा पडत होत्या. कोणी बिशपच्या घराचा पत्ता टाकला. कोणी त्याच्या मुलीच्या शाळेचं नाव टाकलं. एकाने नुसतंच लिहिलं होतं की त्याच्याकडे रायफल आहे आणि ट्रकमध्ये पेट्रोल आहे.

मार्वा बिशपकडे पोचली तेव्हा तो स्वयंपाकघरात डोकं धरून बसला होता. थेन जेप्सन पोटासाठी घरांची छपरं घालायचा. बिशपपण, म्हणजे गावच्या चर्चचं पुढारपण, त्याच्या गळ्यात पडलं होतं, पगार नाही की सुट्टी नाही. हात फावड्यासारखे, आवाज मात्र मऊ. समोर टेबलावर ट्रकच्या किल्ल्यांचा जुडगा पडला होता. जुडग्यात पितळी नळीची छोटी तेलाची बाटली अडकवलेली होती, इथल्या कितीतरी पुरुषांच्या जुडग्यात असते तशीच.

"गेला होतास तू त्याच्याकडे?"

"गेलो होतो, सिस्टर ओल्डरॉइड. त्यानेच बोलावलं होतं. मी निघालो तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आला होता." चर्चमधल्या प्रत्येक बाईला सिस्टर म्हणायची रीत तो आजही मोडत नव्हता.

"कशाला बोलावलं होतं?"

बिशपने किल्ल्यांचा जुडगा उचलून मुठीत धरला.

"थेन, अरे जग तुला खुनी म्हणतंय!"

"म्हणू दे. बिशप म्हणून माझ्यापाशी बोललेलं माझ्यापाशी राहतं. तो मेला म्हणून त्याचा शब्द मेला असं नाही."

"आणि तुझा जीव गेला म्हणजे? बायकोला सांगू की त्याने शब्द पाळला, तू आता छपरं घाल?"

"खुशाल सांग," तो म्हणाला. "रोज रात्री मलाही वाटतं की हे बिशपपण दुसऱ्या कुणालातरी द्यावं. पण आज माझ्याकडे आहे ना!"

मार्वाला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. दारापाशी त्याची बारा वर्षांची मुलगी ॲनलीस उभी होती. पाहुणी आली म्हणून ती गरम चॉकलेटचे दोन कप घेऊन आली होती.

खिडकी फुटल्याचा आवाज आणि मुलीची किंकाळी एकदमच आली. वीट टेबलावरून घसरत जाऊन भिंतीवर आपटली. ॲनलीसने दोन्ही हातांनी चेहरा धरला होता आणि बोटांमधून रक्ताच्या धारा मनगटावर उतरत होत्या. बाहेर एक गाडी भरधाव निघून गेली.

"बाबा, मला दिसत नाही!" ती ओरडत होती. "डोळ्यात काहीतरी आहे. बाबा, मला दिसत नाही!"

३

डोळा वाचेल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. मार्वा इस्पितळातून थेट अ‍ॅमन सोरेन्सनकडे गेली. हा जॅरमचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा. आईच्या घराच्या तळघरात बसून 'कणा' नावाचा कार्यक्रम चालवायचा. जॅरम चर्चला नावं ठेवायचा आणि हा जॅरमला. सख्ख्या भावाला याने भर कार्यक्रमात "विकला गेलेला" म्हटलं होतं, आणि एकदा रागाच्या भरात, "घरात असता तर बदडून काढला असता" असंही.

अ‍ॅमनचा खालचा ओठ सुजून लोंबत होता.

"हे कुणी केलं?"

"रस्टिनने. सकाळी दारात आला, हातात फोन, सगळं चालूच. म्हणाला, तू भावाला मारलंस. मी म्हटलं, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलास का? तर त्याने ठोसाच लगावला. मग मीही सोडला नाही त्याला. बघा ना, त्यानेच टाकलंय सगळीकडे. सात लाख लोकांनी बघितलं. आणि दुपारी तोच बिशपचं नाव घेतोय."

मार्वाने ते चित्रण तिथेच पाहिलं. रस्टिनने आल्या आल्या फोन कुंपणाच्या खांबावर नीट ठेवला होता, दोघं दिसतील असा. मग शिवीगाळ. मग रस्टिनचा ठोसा, अ‍ॅमनची झडप, दोघंही बर्फाळ चिखलात. अ‍ॅमनने रस्टिनचं नाक बुक्क्यांनी फोडलं आणि शेवटी त्याच्या पंज्यावर बूट ठेवून दाबला. रस्टिन गुरासारखा ओरडला.

"पुन्हा लाव," मार्वा म्हणाली. "सुरुवातीपासून."

"मजा वाटली का?"

"गप्प बस आणि लाव."

रस्टिनने ठोसा डाव्या हाताने मारला होता. उजवा हात त्याने जाकिटाच्या खिशातून काढला तो पडल्यावरच. कार्यक्रमात बोलता बोलता टेबलावर उजवी मूठ आपटायची त्याची सवय पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होती. मार्वाने हे मनात ठेवून दिलं.

"सोमवारी संध्याकाळी तू कुठे होतास, अ‍ॅमन?"

"इथेच. एकटा. म्हणजे साक्षीदार नाही, माहीत आहे मला." त्याचा आवाज एकदम पोरका झाला. "मी मारेन म्हणालो होतो, सिस्टर ओल्डरॉइड. पण मारलं नाही हो. तो माझा दादा होता. मला सायकल त्याने शिकवली."

बोलता बोलता त्याने शर्टाच्या आतून साखळी बाहेर ओढली. साखळीला बारीक चांदीची कुपी होती.

"तेल," तो म्हणाला. "धर्मप्रचाराच्या मिशनवर असताना आईने पाठवली. आंघोळीला सुद्धा काढत नाही. तुम्ही मलाच धरणार ना आता? माझ्याकडे तेल आहे, अधिकार आहे, रागही आहे."

"धरायचं तेव्हा धरीन. आत्ता घराबाहेर पडू नकोस."

"ते नाही जमणार." त्याने फोन तिच्यापुढे धरला. रस्टिनने बुधवारी संध्याकाळी बिशपच्या घरासमोर शोकसभा ठेवली होती. बाहेरगावाहून गाड्या निघाल्या होत्या. "इस्पितळातून बिशप तोवर घरी आलेला असेल. तो रायफलवाला पण येतोय म्हणे. आम्हीही जाणार, चाळीस जण. आमच्याकडेही रायफली आहेत."

४

बुधवारी दुपार कलताना मार्वा पुन्हा स्टुडिओत गेली आणि मेरिलीला बरोबर घेतलं. मेरिली आत यायला तयार नव्हती, पण गालिचा उचलून नेला होता म्हणून आली.

दोन खुर्च्यांच्या मागे एक फळी होती. तिच्यावर दोघांनी आपलं जुनं आयुष्य मांडून ठेवलं होतं. मिशनच्या वेळचे नावाचे काळे बिल्ले, लग्नाच्या मंदिराचं प्लास्टिकचं मॉडेल, चर्चने दिलेली बक्षिसं. कॅमेऱ्यापुढे त्यांची टिंगल चालायची. या सगळ्यावर धुळीचा जाड थर होता. एकाच वस्तूवर नव्हता, आणि ती होती तेलाची छोटी बाटली. लखलखीत पुसलेली, घट्ट बूच लावलेली आणि आत रिकामी.

"ही कधी पुसायचा का तो?"

"जॅरम? घरात चमचा पुसायचा नाही."

"आत काय असायचं? कार्यक्रमात म्हणायचे ना, सॅलडचं तेल आहे म्हणून?"

"हो, दुकानातलं सॅलडचं तेल, हवं तर काकडीला आशीर्वाद द्या, असं काहीबाही. लोक हसायचे." मेरिलीने बाटलीकडे बघितलं. "खोटं होतं ते. त्यात त्याच्या वडिलांनी पवित्र केलेलं तेल होतं. वडील गेले, आणि त्यानंतर त्याला ते ओतून देववेना. ठेवावं तर कशासाठी, तेही कळेना. म्हणून इथे फळीवर आणून ठेवलं आणि सॅलडचं म्हणून सांगितलं."

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"मला. आणि रस्टिनला."

"अ‍ॅमनला?"

"अ‍ॅमनला सॅलडचंच वाटायचं. बापाच्या बाटलीत सॅलडचं तेल भरलं म्हणून तर तो जॅरमशी बोलायचा बंद झाला. मी म्हटलं, सांगून टाक त्याला. तर म्हणे, माझी लाज निघेल."

मार्वा खुर्चीच्या हातावर टेकली. रस्टिनलाही तिने रविवारच्या वर्गात शिकवलं होतं. चर्चमध्ये नाव नसलं तरी रस्त्यात भेटला की तो अजून तिला सिस्टरच म्हणायचा.

"पण त्याने का?" ती स्वतःशीच पुटपुटली. "जीव टाकायचे एकमेकांवर."

मेरिलीने मागे वळून दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मार्वा, एक सांगू? कोणाला सांगितलं नाहीये. सोमवारी सकाळी जॅरमने कपाटातून पांढरा शर्ट काढला. म्हणाला, रविवारपर्यंत इस्त्री करून ठेवशील? किती वर्षांनी! मी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो नको म्हणाला असता तर? मी आपली शर्टाला इस्त्री केली."

मार्वाने घड्याळाकडे बघितलं आणि जिन्याकडे धाव घेतली.

५

बिशपच्या घरासमोरचा रस्ता माणसांनी गच्च भरला होता. एका बाजूला बाहेरगावचे, हातात मेणबत्त्या आणि जॅरमचे फोटो. दुसऱ्या बाजूला अ‍ॅमनची पोरं, छाती काढून. मध्ये जेमतेम ट्रक जाईल एवढी जागा, आणि तिच्यातून शिव्या इकडून तिकडे जात होत्या. मार्वाने शेजारच्या जिल्ह्यातून मदत मागवली होती, पण ती घाटात अडकली होती. तिच्याबरोबर दोन शिपाई होते आणि दोघांचेही चेहरे उतरले होते.

"बाहेर ये, बिशप!" रस्टिन ओरडत होता. नाकावर पट्टी, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात फोन उंच धरलेला. "तेल घेऊन ये! आम्हालाही लाव!"

दार उघडलं आणि थेन जेप्सन खरोखरच बाहेर आला. दोन रात्रींची झोप नव्हती. शर्टावर मुलीचं रक्त तसंच वाळलेलं होतं.

"ॲनलीसचा डोळा गेला," तो म्हणाला. त्याचा मऊ आवाज फार लांब पोचत नव्हता. "आज सकाळी काढला. आता आणखी काय हवंय तुम्हाला?"

गर्दीतून एक दाढीवाला पुढे झाला. त्याने कोटाखालून रायफल काढली आणि बिशपच्या छातीवर रोखली. पलीकडे अ‍ॅमनच्या पोरांनीही बंदुका उचलल्या. मेणबत्त्या खाली पडल्या. बायका किंचाळल्या.

मार्वा रायफलच्या आणि बिशपच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पिस्तूल काढून उपयोग नव्हता. एक गोळी सुटली की रस्ताभर प्रेतं पडली असती.

"बिशपने नाही मारलं!" ती घसा फाटेपर्यंत ओरडली. "ऐकून घ्या, मग घाला गोळ्या. मला आधी घाला!"

"तुम्ही त्यांच्याच," दाढीवाला म्हणाला. "सगळे एकमेकांना झाकता."

"हो, मी त्यांचीच. आणि तू ज्याचं ऐकून आलास, त्यालाही लहानपणी मीच शिकवलंय. रस्टिन, फोन चालू आहे ना? राहू दे चालू."

रस्टिनने फोन तिच्याकडे वळवला.

"जॅरमच्या डोक्यावर तेल होतं, ते फळीवरच्या बाटलीतलं," मार्वा म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली ती बाटली. फळीवर बोटभर धूळ आहे आणि तेवढी बाटली पुसलेली आहे. रिकामी आहे. ज्याने वापरली त्याने ती परत जागेवर का ठेवली? नसती ठेवली तर कार्यक्रम बघणाऱ्या लाखभर लोकांना मोकळी जागा दिसली असती म्हणून."

"मग? बिशपनेच घेतली असेल!"

"थेन, किल्ल्या दाखव."

बिशपने खिशातून जुडगा काढून वर धरला.

"त्याची तेलाची बाटली ट्रकच्या किल्लीला आहे. ट्रक दारात आला म्हणजे ती आलीच. तो दुसऱ्याच्या फळीवरची कशाला शोधेल? अ‍ॅमनची गळ्यात आहे, तो आंघोळीलाही काढत नाही. देवावर विश्वास असलेल्या कुठल्याही माणसाने स्वतःचीच काढली असती. फळीवरची कोणी घेतली? ज्याला लावायचं कसं ते हाडात भिनलंय, पण ज्याच्याजवळ स्वतःचं तेल आता नाही त्याने. जो सोडून आलाय त्याने."

गर्दीत कुजबुज झाली. रायफलची नळी थोडी खाली आली.

"तुमच्यातलाच कुणीतरी, एवढंच झालं हे," मार्वा पुढे म्हणाली. "पण त्या बाटलीत काय आहे असं तुम्हाला वाटायचं?"

"सॅलडचं तेल," मेणबत्तीवाली एक पोर म्हणाली.

"जगात सगळ्यांना तेच वाटायचं. मरणाऱ्या माणसाला वाचवायला सॅलडचं तेल कोण लावेल? त्यात जॅरमच्या वडिलांचं पवित्र तेल होतं. हे जॅरमला माहीत होतं, मेरिलीला माहीत होतं आणि आणखी फक्त एकाला." ती रस्टिनकडे वळली. "मंगळवारी तू अ‍ॅमनशी भांडण उकरून काढलंस. फोन खांबावर नीट लावून. पहिला ठोसा डाव्या हाताने मारलास, कारण उजवा आदल्या दिवशीच जॅरमच्या तोंडावर फुटला होता. मग तो बुटाखाली दिलास, म्हणजे सगळ्यांदेखत मोडला असं झालं. आता तुला एकच प्रश्न आहे, बाळा. जॅरम रविवारी पांढरा शर्ट घालून कुठे जाणार होता?"

रस्टिनच्या हातातला फोन खाली पडला.

"चर्चला," तो म्हणाला. एवढ्या गर्दीत त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. "मागच्या बाकावर बसणार होता म्हणे. विश्वास परत आलाय असं नाही, पण मुलांशेजारी बसायचंय, म्हणाला. बिशपला सांगून टाकलंय, म्हणाला. आणि हसला! तूही चल, म्हणाला. मी कुठे जाऊ? त्याची बायको थांबली, माझी गेली! पोरं घेऊन गेली. आई मला दारात उभं करत नाही. ज्याच्या शब्दावर मी हे सगळं सोडलं, तो इस्त्रीचा शर्ट घालून परत चाललाय आणि मी बाहेर. मी एक गुद्दा मारला. मग मला थांबताच येईना."

६

पुढचं कोणालाच आवरता आलं नाही. अ‍ॅमन झेपावला, पण त्याच्या आधी बिशप पायऱ्या उतरून आला होता. तो समजूत घालायला येतोय असं वाटून लोकांनी त्याला वाट दिली. थेन जेप्सनने रस्टिनची मान एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताची मूठ त्याच्या तोंडावर घातली. पुन्हा घातली. दात पडल्याचा आवाज झाला. रस्टिन रस्त्यावर कोसळला तरी तो थांबला नाही, त्याच्या छातीवर गुडघा देऊन मारत राहिला. तोंडाने एकच शब्द चालला होता, "डोळा! डोळा! डोळा!"

दोन दिवस मार्वा या माणसाच्या जिवासाठी पळत होती. आता तोच माणूस तिच्यासमोर दुसऱ्याचा जीव घेत होता. तिने त्याच्या गळ्याला हात घालून मागे ओढला, दोन शिपाई आले, मग स्वतः अ‍ॅमनने त्याचे पाय धरले. चौघांनी मिळून त्याला उचललं तेव्हा कुठे तो सुटला. रक्ताळलेल्या मुठीकडे बघत तो फुटपाथवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. दाढीवाल्याने रायफल कुणाच्या तरी हातात दिली होती. दोन्ही बाजू नुसत्या उभ्या होत्या.

मार्वा रस्टिनपाशी गुडघ्यावर बसली. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. तिने बेड्या काढल्या, पण प्लॅस्टरच्या हाताला त्या बसेनात.

"सिस्टर ओल्डरॉइड," तो म्हणाला. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "मी हात ठेवले तेव्हा तो जिवंत होता. डोळे उघडे होते त्याचे. मी पूर्ण नाव घेतलं. सगळं बरोबर म्हटलं, एक शब्द चुकला नाही."

"बोलू नकोस. अँब्युलन्स येतेय."

"नाही, ऐका ना. मी राजीनामा दिला होता. माझा अधिकार गेला होता. म्हणून लागू झालं नाही का ते?" त्याने डाव्या हाताने तिची बाही पकडली. "मी ते पत्र पाठवलं नसतं तर तो वाचला असता?"

मार्वाने वर बघितलं. याचं उत्तर देण्याचा हक्क तिथे एकाच माणसाला होता. फुटपाथवर बसलेल्या बिशपने प्रश्न ऐकला होता, पण त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"तू त्याला मारलंस, रस्टिन," ती म्हणाली. तिला वाटलं होतं की आवाज कडक येईल, पण तो फाटला. "मारलंस म्हणून तो मेला."

"ते माहीत आहे मला," तो म्हणाला. त्याने तिची बाही सोडली नाही. "पण वाचला असता का?"